न टोचणारी अक्षरं

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर आपलं ‘जेवलीस का’, ‘जेवलास का’ झालं की दोघंही ‘बाकी काय’ला येऊन अडकतो, आणि मला जे सांगायचंय ते त्या ‘बाकी’त मावणारं नाही. म्हणून कागद घेतला.

माझा फॉन्ट अखेर बाहेर पडला. भावोजी होते तेव्हा सुरू केला होता, आठवतं? त्यांनी विचारलं होतं, “अक्षरं तर आधीपासूनच आहेत, मग तू नवीन काय करणार?” नाव ठेवलंय ‘दुलई’. एकाही अक्षराला कोपरा नाही. कान्याचा शेवट गोल, वेलांटीचा गोल, शिरोरेषेची टोकंसुद्धा गोल. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन गोल टोकं शेजारी आली की मध्ये खाच पडते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसायला लागतो. त्या खाचा बुजवण्यात माझं अख्खं वर्ष गेलं.

बाहेर पडला म्हणजे काय झालं, असं विचारशील. काही झालं नाही. सकाळी एक बटण दाबलं आणि खुर्चीत बसून राहिलो. वाटलं, कोणीतरी फोन करेल. दुपारपर्यंत दोघातिघांनी अंगठे पाठवले. एकाने विचारलं, “छान आहे. फुकट आहे का?” संध्याकाळी खाली जाऊन केक आणला, अर्धा खाल्ला, अर्धा फ्रीजमध्ये ठेवला. तुझी भावजय कामासाठी बाहेरगावी गेलीय, ती आली की तिलाही दाखवीन.

सोबत नमुन्याची पुस्तिका आहे. पहिल्या नजरेला काय वाटलं, तेवढंच लिही. विचार करून लिहू नकोस. विचार केलास की तू उगाच चांगलं बोलतेस.

तुझा,
ठोंब्या

१३ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

पोस्टमनने तुझी पुस्तिका पेटीत दुमडून कोंबली होती. जाड पुस्तकांखाली ठेवून सरळ केली, मगच उघडली.

पहिल्या नजरेला खरं सांगू? अक्षरं नुकतीच जेवून उठलीयत असं वाटलं. सगळी तृप्त, कोणाला कसली घाई नाही. ‘ळ’ तर पोटावर हात ठेवून बसलाय. मग पान उलटलं आणि मनात आलं, यांना ओरडता येणार नाही. कोणाला झापायचं असेल तर तुझी अक्षरं काही कामाची नाहीत. ही तक्रार आहे की कौतुक, माझं मलाच कळलं नाही.

मग दुकानात नेली. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला वाचून बघायला आम्ही एक मळका कागद देतो. त्याच्याऐवजी तुझी पुस्तिका दिली. एक निवृत्त वाहतूक पोलीस म्हणाले, “लहान मुलांच्या टूथपेस्टवर असतं तसं दिसतंय.” एक आजी म्हणाल्या, “अहो, हे तर मला चष्म्याशिवायही वाचता येतंय. राहू दे तुमचा चष्मा.” आणि खरंच निघून गेल्या! मालक म्हणाले, “ताई, ते पुस्तक आत ठेवा, धंदा बसवाल माझा.”

मी आत बसून काचांच्या कडा घासते, तुला माहीत आहे. कापलेल्या काचेची कड बोट चिरते. ती घासत राहायची, अधूनमधून बोट फिरवून बघायचं, आणि बोटाला काही लागेनासं झालं की फ्रेममध्ये बसवायची. तुझं कामही त्याच जातीचं दिसतंय. एवढं मला समजलं, आणि बरं वाटलं.

माझं नेहमीचंच. सध्या जरा दगदग चाललीय, इकडेतिकडे खेपा घालाव्या लागतायत, विशेष काही नाही. भावजय कधी येतेय परत? केक इतके दिवस टिकत नाही.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. जेवून उठलेली अक्षरं! आजींना माझा नमस्कार सांग, पुन्हा आल्या तर.

आता ऐक, बातमी आहे. आज एक मेल आला. ‘दुलई’ सगळ्यात आधी कोणी घेतली असेल? तुझ्या गावातल्या त्या नव्या हॉस्पिटलने! बाहेरच्या मोठ्या बोर्डापासून आतल्या दरवाज्यांपर्यंत सगळं माझ्या अक्षरांत. बोर्ड लागलेसुद्धा. इतकी वर्षं ही अक्षरं मी फक्त पडद्यावर पाहिलीयत. भिंतीवर, खऱ्या उजेडात, चालत्या माणसांच्या डोक्यावर ती कशी दिसतात, मला काही म्हणजे काही माहीत नाही.

तू जाशील ना बघायला? तुझ्या दुकानापासून फार लांब नसावं. आत फिरायला काही कारण लागतं का, माहीत नाही. कोणी हटकलं तर सांग, पेशंटला भेटायला आले. दुरून वाचता येतं का, जिन्याच्या अंधारात कसं दिसतं, सगळं नीट बघ. मी स्वतः आलो असतो, पण इथून हलता येत नाहीये.

खरं तर हलता येत नाही असं काही नाही. एकट्याने स्वतःच्याच अक्षरांकडे मान वर करून उभं राहायची लाज वाटते. तू बघितलंस की मी बघितल्यासारखंच.

ठोंब्या

९ मार्च

प्रिय ठोंब्या,

उशीर झाला, रागावू नकोस. जाऊन आले.

बाहेरचा बोर्ड बसच्या खिडकीतूनही वाचता येतो. संध्याकाळी त्यात दिवा लागतो, तेव्हा अक्षरं थोडी फुगल्यासारखी दिसतात. आत शिरल्यावर डावीकडे ‘चौकशी’, उजवीकडे ‘औषधे’. बाणांची टोकंही तू गोल केलीयस, त्यामुळे बाण दाखवतोय की नुसता पडलाय, असा मला क्षणभर प्रश्न पडला. ‘रक्त तपासणी’ पहिल्या मजल्यावर. ‘क्ष-किरण’ वळणावर आहे, तिथला ‘क्ष’ फार देखणा आहे, तो मला सगळ्यात आवडला. जिन्यात अंधार नाही, लख्ख दिवे आहेत. फरशी इतकी चकचकीत की बोर्ड तिच्यात उलटे दिसतात. उलटे असतानाही ते तुझेच वाटतात.

कपडे बदलायच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला एक सूचना लावलीय. ‘दागिने काढून सोबतच्या व्यक्तीकडे द्यावेत.’ तिथला ‘क्त’ जरा चेपलाय. ते वाक्य मी बराच वेळ वाचत बसले, तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दुकानातून सध्या लवकर निघते. भाजी चिरायचा कंटाळा येतो, अंडं उकडते आणि खाते. बरं आहे सगळं.

ताई

१४ मार्च

ताई,

तू कमाल आहेस. कपडे बदलायच्या खोलीपर्यंत पोचलीस! मला तर माहीतच नव्हतं की त्यांनी इतक्या बारीक सूचनाही ‘दुलई’त लावल्यायत. ‘क्त’ चेपलाय हे अगदी बरोबर पकडलंस. बोर्ड करणाऱ्याने जागेत बसवायला दाबला असणार. मी त्यांना लिहितो.

उलटी दिसली तरी माझीच वाटतात, हे तू सहज लिहून गेलीस, पण मला ते दिवसभर पुरलं. सध्या दिवसभर पुरेल असं फारसं काही येत नाही.

आता थोडं सविस्तर विचारतो. गाठी कशा दिसतात? ‘म’, ‘न’, ‘ग’ यांना जी गाठ असते ना, तिच्यावर मी फार मेहनत घेतलीय. गाठ मोठी झाली की अक्षर जड होतं, लहान झाली की दुरून दिसतच नाही. शेवटी मी तिला आतून थोडं मोकळं केलं. दुरून बघताना गाठ आधी डोळ्यात भरते का, की अक्षर आधी?

आणि तिसऱ्या मजल्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तिथे कर्करोग विभाग आहे आणि त्याचा बोर्ड आतला सगळ्यात मोठा आहे. हॉस्पिटलवाल्यांनी मला खास कळवलंय की तो शब्द वाचून लोक दचकू नयेत, म्हणूनच त्यांनी ‘दुलई’ निवडली. एवढं तर माझ्याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं! पुन्हा एकदा जाशील? लिफ्टमधून बाहेर पडल्याबरोबर काय वाटतं, ते मला हवंय. जमलं तर फोटो काढ.

ठोंब्या

२१ मार्च

ठोंब्या,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते आणि न वाचता पाकिटात घालते.

तिसऱ्या मजल्यावरचा बोर्ड मी पाहिलाय. तुला तो मेल यायच्या आधीच पाहिलाय. त्या हॉस्पिटलात मी तुझं काम बघायला गेले नव्हते. जानेवारीत आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला गाठ लागली. खेपा म्हणत होते त्या याच. आधी फोटो काढले, मग सुईने तुकडा काढला. त्या दिवशी त्या खोलीत मी कानातलं काढून हातात धरून बसले होते, कारण सोबतची व्यक्ती कुठून आणू? शेवटी रुमालात बांधून पर्समध्ये टाकलं. रिपोर्ट आलाय, चांगला नाही. तीस तारखेला ऑपरेशन आहे.

आणि तू मला गाठींवर परिच्छेद लिहून पाठवलास. गाठ मोठी झाली की जड होतं, आतून मोकळं केलं, दुरून आधी गाठ दिसते का. मी ओट्याशी उभी राहून वाचत होते. आधी हसू आलं. इतकं की शेजारच्यांना वाटलं असेल, कोणी पाहुणे आलेत. मग हातातलं भांडं आपटलं, त्याला पोचा आलाय.

तुला काही माहीत नव्हतं, हे मला कळतं. मीच सांगितलं नाही. पण राग यायचा तो आला.

आता तुला हवी ती पहिली नजर घे. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर तो शब्द. गुबगुबीत, गोड, कोणी गालावरून हात फिरवत वाईट बातमी सांगावी तसा. मला दचकायचं होतं रे. आणि भिंत मला सांगत होती की काही विशेष नाही, बसा. त्या दारावर मला टोचणारं काहीतरी हवं होतं. तुझ्या अक्षरांना ओरडता येत नाही, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तिथे कोणीतरी माझ्या वतीने ओरडायला हवं होतं.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. रुमालाने डोळे पुसत होत्या. त्यांनी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. हेही तुला सांगायला हवं.

येऊ नकोस. घरात कोणी तोंड पाडून फिरायला लागलं की मला जास्त भीती वाटते. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई येणार आहेत सोबत. त्या सगळं बघतील. भावजयीला काही सांगू नकोस, उगाच तिच्या जिवाला घोर.

ताई

३० मार्च, हॉस्पिटल, तिसरा मजला

ताई,

तू आत आहेस आणि मी बाहेरच्या बाकावर. तू जागी झालीस की बोलता येईलच, पण तोंडावर मला यातलं अर्धंही बोलता येणार नाही. म्हणून त्यांच्याकडून कागद मागून घेतला.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी उत्तर लिहायला बसलो. ‘ताई, मला क्षमा’ एवढं लिहिलं आणि ते इतकं मूर्ख दिसलं की पुढे सुचेना. मग बॅग भरली. काल संध्याकाळी तुझ्या दाराशी उभा राहिलो तेव्हाही काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

“कोण आहे?” तू आतून विचारलंस.

“मी.”

“मी कोण?”

“ठोंब्या.”

दार उघडून तू म्हणालीस, “येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं.”

“वाचलं.”

“मग?”

“मला लोकांनी लिहिलेलं नीट वाचता येत नाही, तुला माहीत आहे.”

तू हसलीस की रडलीस ते मला दिसलं नाही, कारण तू लगेच पाठ फिरवून चहा टाकायला गेलीस. मी तुझ्या मागे उभं राहून विचारलं, “त्या वरच्या शिक्षिकाबाई किती वाजता येणार आहेत?” तू म्हणालीस, “त्या दिवाळीतच घर रिकामं करून गेल्या. वर कोणी राहत नाही.” तू ते इतक्या शांतपणे सांगितलंस की मला पातेल्यात बघत राहावं लागलं.

आज सकाळी नर्स म्हणाली, “सोबत कोणी नाही म्हणाला होतात ना तुम्ही?” तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलंस. “आहे. हा आलाय.” आणि कानातलं काढून माझ्या तळहातावर ठेवलंस. ते माझ्या शर्टाच्या खिशात आहे. दर थोड्या वेळाने मी खिसा चाचपतो. समोरच्या गृहस्थांना वाटत असेल, याच्या छातीत दुखतंय.

बोर्ड माझ्या अगदी समोर आहे. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण असा आला. अक्षरं चांगली बसलीयत. खाच नाही, काही नाही. पण मला काहीच वाटत नाहीये, ताई. मघापासून कितीतरी माणसं या दारातून गेली, कोणी मान वर केली नाही. एक माणूस ‘विभाग’च्या खाली भिंतीला डोकं टेकवून फोनवर बोलत होता. “हो, हो, सगळं व्यवस्थित आहे,” म्हणत होता आणि डोळे मिटलेले होते. तू लिहिलंस ते मी आता समजू शकतो, निदान थोडं तरी. इथे बसलेल्याला कोणीतरी आपल्या अंगावर दुलई घालावी असं वाटत असेलही. पण ती भिंतीने घालून चालत नाही.

तुला एक सांगायचंय. आज सांगणं बरोबर आहे की नाही, ठाऊक नाही. तुझी भावजय बाहेरगावी गेलेली नाही. गेल्या वर्षीच वेगळी झाली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. जाताना म्हणाली, “तू घरात असतोस, पण तुझ्याशी बोलायला खिडकीवर टकटक करावी लागते.” मी तेव्हा ‘ज्ञ’ काढत होतो. मान वर करायला मला थोडा वेळ लागला, आणि तेवढ्यात ती पुढच्या खोलीत गेली होती. तुला सांगितलं नाही, कारण तू काळजी करशील. बघ, दोघंही एकाच साच्यातले.

डॉक्टर बाहेर आल्यायत. माझ्याकडेच येतायत. थांब.

म्हणाल्या, व्यवस्थित झालं. गाठ पूर्ण निघाली. पुढचं काय ते तपासणीनंतर. तुला शुद्ध येतेय. नर्स दारात उभी राहून विचारतेय, “यांच्या सोबतचं कोण?”

जातो.

१२ मे

प्रिय ठोंब्या,

तुझं त्या दिवशीचं पत्र मी तू परत गेल्यावरच उघडलं. तू उशीखाली ठेवलेलं बघितलं होतं, पण तू घरात असताना वाचलं असतं तर दोघांनाही एकमेकांकडे बघणं अवघड झालं असतं. तू आपला भांडी घासत होतास, मला सूप पाजत होतास, पोचा आलेलं भांडं हातोडीने ठोकून सरळ करायला गेलास आणि त्याला भोक पाडलंस. ते बरं चाललं होतं.

तिचं मला कळलं होतं. अर्धा केक फ्रीजमध्ये ठेवणारा माणूस घरात एकटा आहे, हे कळायला चष्मा लागत नाही. मी विचारत राहिले ते तू सांगशील म्हणून. तू सांगितलं नाहीस, मग मीही माझं सांगितलं नाही. जाऊ दे. तिला एकदा पत्र लिही. परत ये म्हणून नको. ती काय म्हणाली होती ते तुला आता कळलंय, एवढंच कळव.

माझं बरं आहे. हात अजून पूर्ण वर जात नाही, वरच्या फळीवरचे डबे खाली घेतलेत. दुकानात अर्धा दिवस जाते. मालकांनी काचा घासायचं काम दुसऱ्याला दिलंय आणि मला पुढे गिऱ्हाइकांसमोर बसवलंय. त्यांनी तुझी पुस्तिका परत काढून दिली.

दुपारी किरणांसाठी जाते. तळघरात आहे ते. आत जाऊन पडायचं, हलायचं नाही, सगळे बाहेर जातात आणि जाड दार बंद होतं. फार वेळ नसतं, पण इतकं एकटं मला आयुष्यात कुठे वाटलेलं नाही. तुझे भावोजी गेले त्या रात्रीसुद्धा नाही, तेव्हा घरात माणसं होती. त्या खोलीत छतावर काहीच लिहिलेलं नाही. एखादं अक्षर असतं तर बघत राहिले असते, असं पहिल्यांदा वाटलं. तुझ्या अक्षरांवरचा माझा राग उतरलाय की काय, सांगता येत नाही. कधी कधी तिसऱ्या मजल्यावर जावं लागतं, तेव्हा मी अजूनही त्या बोर्डाकडे बघत नाही.

काल खाली तळघरात एक बाई भेटल्या. माझ्याच वयाच्या, पहिलाच दिवस. तिथल्या बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तेवढं वाचून दाखवता का? चष्मा घरी राहिला.” चष्म्याचं त्या खोटं बोलत होत्या, मला इतक्या वर्षांत ते ओळखता येतं. मी वाचून दाखवलं. ‘प्रतीक्षा कक्ष. आपले नाव पुकारेपर्यंत येथे बसावे.’ त्यांनी मान डोलावली. मग माझं नाव पुकारलं. मी उठले तर त्यांनी माझी बाही धरली आणि लगेच सोडली. “तुमच्या सोबत कोणी आहे का हो?” असं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“माझ्याही नाही.”

माझं झाल्यावर मी सरळ घरी येऊ शकले असते. पण परत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आम्ही फार काही बोललो नाही. त्यांनी कानातलं काढून माझ्याकडे दिलं, मी मुठीत धरून ठेवलं. त्या बाहेर आल्या तेव्हा मला अजून तिथेच बसलेली बघून त्यांना इतकं नवल वाटलं की त्या दारातच थांबल्या.

घरी यायला अंधार झाला. कोणी वाट बघत नव्हतं, त्यामुळे उशीर झाला असं म्हणायलाही कोणी नव्हतं.

पुढच्या महिन्यात येईन म्हणालास. ये. मागच्यासारखा न सांगता दारात उगवू नकोस मात्र. कोणती गाडी, किती वाजता पोचतोस, आधी नीट कळव. माझ्याही घरी कोणीतरी येणार आहे म्हणून मला चार दिवस वाट बघायचीय.

तुझी ताई